वारसाचा रकाना

"चप्पल खाली काढ अन् मग वर ये."

स्टेजच्या पायरीशी उभ्या असलेल्या शिपायानं माझ्या कानाशी येऊन हे सांगितलं. वर समई लावलीय, म्हणाला. समईच्या मागं अकरा संचालक बसले होते आणि अकराही जणांच्या पायात बूट होते. मी मोजले. आई माझ्या पुढं होती. तिच्या वहाणा सांगायच्या आधीच पायरीखाली गेल्या होत्या. तिला असलं काही आयुष्यात कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलेलं नाही.

ही आमच्या गावच्या पतसंस्थेची वार्षिक सभा. मिरजगावच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं गाव आहे. तिथल्या मंगल कार्यालयात खुर्च्यांना लग्नातल्या पांढऱ्या खोळी घातल्या होत्या आणि मागं मसालेभाताचा वास सुटला होता. आम्हाला निरोप होता, सभेला या, आबांचे पैसे तिथंच मिळतील. आबा म्हणजे माझे वडील, माधव. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. आम्ही पैसे घ्यायला गेलो होतो. आमचे स्वतःचे.

वर गेल्यावर मागचा फ्लेक्स नीट दिसला. त्यावर आबांचा फोटो होता. आधार कार्डावरचा, ओढून ओढून इतका मोठा केलेला की चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले होते. नावाआधी 'कै.' लावलं होतं. आमच्यात 'कालकथित' लिहितात, पण आम्हाला विचारणार कोण. आणि खाली ठळक लाल अक्षरांत: 'गरीब हमालाच्या कुटुंबास संस्थेतर्फे मदतीचा धनादेश'.

मदतीचा. मी तो शब्द परत वाचला.

दोन कर्मचाऱ्यांनी थर्माकोलचा चेक आणला. दाराच्या फळीएवढा. चेअरमन उठले, त्यांनी त्याचं एक टोक धरलं, फोटोग्राफरकडं बघून हसले, आणि हसू तसंच ठेवून मला हळूच म्हणाले, "म्हातारीला पाया पडायला सांग. फोटो तसा येऊ दे."

मला सांगावं लागलं नाही. आई वाकायला लागलीच होती.

इथं थोडं मागं जाते. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं, फोटोच तर काढत होते.

आबा मिरजगावच्या बाजारात हमाल होते. आडतीवर कांद्याच्या गोण्या उचलायचे. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, येसकरकी करायचे. गावाचा सांगावा पोचवायचा, कुणी मेलं की उन्हातान्हात पाव्हण्यांच्या गावी चालत जायचं, आणि बदल्यात दारोदार जाऊन भाकरी मागायची. आजोबा गेले तेव्हा मागं काय राहिलं? ते काम राहिलं. गावातली चार मोठी माणसं दुसऱ्याच दिवशी दारात आली आणि आबांना म्हणाली, आता तू. एकोणीस वर्षांचे होते आबा. ते नाही म्हणाले आणि त्याच आठवड्यात बाजारात गोणी उचलायला गेले. गावानं त्यांच्याशी वर्षभर व्यवहार ठेवला नाही. दळण दळायलासुद्धा त्यांना शेजारच्या गावी जावं लागायचं.

हे मला आबांनी कधी सांगितलं नाही. आईनं सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात.

आबांनी मला नर्सिंगला घातलं. नगरच्या एका खाजगी दवाखान्यात मी नोकरीला आहे. तिथंही गोडवे गाण्यासारखं काही नाही, पण तो विषय वेगळा. सांगायचं ते असं की आबा पिग्मी भरायचे. पिग्मी म्हणजे रोजच्या रोज पतसंस्थेचा माणूस येऊन थोडे थोडे पैसे नेतो ती. सुनील नावाचा पोऱ्या होता तेव्हा, आता त्याच्याही डोक्यावर केस राहिले नाहीत. तो आडतीवर मोटारसायकल लावायचा आणि आबा आधी त्याच्या हातावर पैसे ठेवायचे, मग चहा घ्यायचे. काम नसलं तर कुणाकडून उसने घेऊन भरायचे, पण खाडा नाही. पिग्मी मुदत भरून फुटली की तिची ठेव करायचे. मी लग्नाच्या वयाची झाले तेव्हा ती मोडली नाही. पत्रे गळत होते तेव्हाही मोडली नाही. आई त्यावरून लई भांडली त्यांच्याशी. ते म्हणायचे, "ती घरात वापरायची न्हाई. ती मागं ठेवायची हाय."

किती होते ते सांगत नाही. आकडा सांगितला की ऐकणारा लगेच ठरवतो की एवढ्यासाठी एवढं कशाला. पण एक सांगते. आमच्या घराण्यात मेलेल्या माणसाकडून जिवंत माणसाला मिळालेला तो पहिला पैसा होता. पहिला. तुमच्याकडं आजोबांची जमीन असते, आजीच्या पाटल्या असतात, त्यावरून भावाभावांत भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात. मला लहानपणी त्या भांडणांचासुद्धा हेवा वाटायचा. भांडायला काहीतरी होतं ना तुमच्याकडं.

आबा आडतीवरच गेले. छातीत कळ आली, गोणीला टेकून बसले, संपलं. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि चौथ्या दिवशी मी ठेवीची पावती घेऊन पतसंस्थेत गेले.

क्लार्कनं जुनं रजिस्टर काढलं. मी काउंटरवर वाकून बघितलं. आबांच्या नावापुढं वारसाच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. वरच्या ओळीत कुणाचा मुलगा, खालच्या ओळीत कुणाची बायको. आबांच्या ओळीत रेघ.

"वारस लावलेला न्हाई," क्लार्क म्हणाला. "चेअरमनला भेटा."

चेअरमन केबिनमध्ये होते. मला बसा म्हणाले नाहीत. तशी मला सवय आहे, दवाखान्यातही दिवसभर उभीच असते. त्यांनी पावती उलटून पालटून बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "एवढं? माधवकडं? लई चिकट निघाला गडी."

माझ्या बापाला जाऊन पंधरवडा नव्हता झाला.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. वारस नाही म्हणजे कोर्टातून वारस दाखला आणावा लागेल. वकील, तारखा, वर्ष जाईल, दोन जातील. "पण आमी बी माणसंच हाय की. संचालक मंडळात विषय घेतो. खास बाब म्हणून करू काहीतरी तुमच्यासाठी."

आणि मी त्यांचे आभार मानले.

हात जोडून मानले. "लई उपकार झाले साहेब," असं म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून गेले आहेत. कुणी शिकवले नव्हते, कुणी बळजबरी केली नव्हती. आतून आले. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. त्या दिवशी एसटीनं नगरला परत जाताना मला बरं वाटत होतं, आपलं काम झालं म्हणून. मी एक उकडलेलं अंडं घेतलं आणि खिडकीशी बसून खाल्लं.

त्यांची खास बाब म्हणजे काय, ते मला स्टेजवर कळलं. नियमानं देता येत नाही म्हणून उदार मनानं द्यायचं. आबांची ठेव आबांच्या नावावरून काढायची आणि मदत म्हणून आमच्या पदरात टाकायची. पैसे तेच. फक्त देणारा बदलायचा. जन्मभर गोणी उचलून ज्यानं ते मागं ठेवले, तो फ्लेक्सवर गरीब हमाल म्हणून लटकणार, आणि ज्यानं एक गोणी कधी हलवली नाही तो देणारा होणार.

आई वाकत होती. तिचा हात चेअरमनच्या बुटाकडं गेला होता. मी तिचा दंड धरला.

"आये, ऊठ."

तिला कळेना. ती अर्धी वाकलेली तशीच माझ्याकडं बघत राहिली. मी जोर लावून तिला उभी केली. मग चेअरमनकडं बघून म्हणाले, "ही मदत न्हाई. ठेव हाय. माझ्या बापाची."

माझ्या हातात माइक नव्हता. पहिल्या दोन रांगांना तरी ऐकू गेलं असेल, कारण तिथली माणसं एकदम गप्प झाली. आणि मग निवेदक पुढं आला. शाळेत मास्तर आहे तो, दर कार्यक्रमाला निवेदन करतो. त्यानं आवाज भरून आणला आणि माइकवर म्हणाला, "माउलीच्या आणि लेकीच्या भावना अनावर झाल्या आहेत. एकदा जोरदार टाळ्या."

टाळ्या वाजल्या. जोरदार. मी नाही म्हणाले त्याला टाळ्या वाजल्या.

मी आईला घेऊन खाली उतरले. चप्पल हातात धरून दारापर्यंत गेले, घालायला थांबले नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी आईचा दंड ओढतेय तो क्षण. खाली छापलं होतं, मदत स्वीकारताना अश्रू अनावर. नीट बघितलं तर मी दातओठ खातेय हे कुणालाही दिसेल. पण फोटोखाली लिहिलेलं असतं तेच लोक बघतात. दवाखान्यातल्या बायकांनी मला मोबाईलवर तो दाखवला आणि म्हणाल्या, किती चांगली आहे गं तुमच्या गावची संस्था.

तेव्हा मला कळलं की एकदा नाही म्हणून भागत नाही. आपलं नाही त्यांच्या हातात गेलं की ते त्याचाही हार करून स्वतःच्या गळ्यात घालतात.

खरा चेक ऑफिसात होता. आठ दिवसांनी मी आणायला गेले. क्लार्कनं पावती पुढं सरकवली. 'संस्थेकडून आर्थिक साहाय्य मिळाले, संस्थेचे आभारी आहोत. इतर कोणताही हक्क राहिलेला नाही.' आईच्या अंगठ्यासाठी खाली चौकोन आखून ठेवला होता. शाईचा डबा उघडाच होता.

मी म्हणाले, "ठेव परत मिळाली असं लिहा. लगेच अंगठा देतो."

"तसं लिहिता येत न्हाई."

"मग आम्हालाही अंगठा देता येत नाही."

चेक तिथंच राहिला. मी तालुक्याला, कर्जतला गेले. सहकार खात्याच्या ऑफिसात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आमच्या गावात कोण कुठं अर्ज देतं हे चहा थंड व्हायच्या आत कळतं. वाण्यानं आईला उधार द्यायचं बंद केलं. शेतावर मजुरीला बोलवायच्या त्या बायकांनी बोलावणं बंद केलं. म्हाताऱ्या बाईला. साठी उलटलेल्या.

आणि आई माझ्यावर उलटली. हेही लिहिलं पाहिजे. लढणाऱ्या लेकीच्या मागं ठाम उभी राहणारी आई वगैरे काही नव्हतं आमच्याकडं.

"फोटूनं काय झिजतं का?" ती म्हणाली. "काय बी लिहू दे कागदावर. मला वाचता येतंय व्हय? पैसं तर तेच हायेत. तुझ्या हट्टापायी बुडवतीस तुझ्या बापाचं."

मी म्हणाले, "आये, तेच तर. बापाचं म्हणून घ्यायचंय."

"मेल्या माणसाला काय कळतंय, कुणाच्या नावानं आलं."

मी रागानं भाकरीचं ताट सरकवलं आणि बाहेर जाऊन बसले. तिच्या बाजूनं ती बरोबर होती. घरात पीठ संपत आलं होतं. मी महिन्याला पाठवते त्यात औषधं भागतात, बाकीचं ओढूनताणून. एका अंगठ्यात सगळं मिटत होतं. मलाही एकदा वाटलं, देऊन टाकावा. खरंच वाटलं. आपण कोण लागून गेलो मोठे.

त्या रविवारी सुनील आला. पिग्मीवाला. चेअरमननंच पाठवला होता त्याला, ओळखीचा म्हणून. पावती बरोबर आणली होती, शाईचा डबाही. दारातच उभा राहिला. आईनं त्याला पाणी दिलं. त्यानं तांब्या हातात घेतला आणि पाणी प्यायचं विसरून बोलत राहिला. साहेब चांगले हायेत, ताणू नका, तुमीच अडचणीत याल. वाईट माणूस नाही तो. आबा गेले तेव्हा मातीला आला होता.

आईनं हात पुढं केला. अंगठा द्यायला. मी अडवलं नाही. खरं सांगते, त्या वेळी मी अडवणार नव्हते.

फक्त एक विचारलं. "सुनीलभाऊ, वारसाचा रकाना तुम्हीच भरत होता ना? मग आबांचा रिकामा का ठेवला?"

तो गडबडला. म्हणाला, "तुमच्या वस्तीत कुणाचाच भरलेला न्हाई."

"का?"

"नवीन हुतो मी. मॅनेजर म्हणले, ह्यांची खाती दोन म्हैन्यांत मोडत्यात, ह्यांच्यात काय वारस लावायचा. रेघ मार. मग तीच रीत पडली."

"आबांनी कधी विचारलं नाही?"

तो तांब्यातल्या पाण्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "इचारलं की. दोनदा इचारलं. एकदा तू दहावी झालीस तवा, अन् एकदा ठेव पावती केली तवा. म्हणले, माझ्या पोरीचं नाव लावलं का रं? मी म्हणलं, लावलं."

आईचा हात हवेतच होता.

"लावलं म्हणालास?" तिनं विचारलं.

"व्हय काकू. घाई हुती. परत कोन रजिस्टर काढनार म्हणून बोललो."

आईनं हात मागं घेतला. पदरात गुंडाळून घेतला, जसा काही कुणी तो ओढून नेणार होतं. रडली नाही. सुनीलला म्हणाली, "पानी पी अन् जा." तो पाणी न पिता गेला.

म्हणजे आबांनी दिलं होतं. हे मला तेव्हा नीट कळलं आणि कळलं तशी अंगाची आग झाली. आबा मरताना त्यांच्या समजुतीप्रमाणं सगळं लावून गेले होते. गोणीला टेकून बसले तेव्हा त्यांना माहीत होतं की पोरीचं नाव कागदावर आहे. वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी एका माणसावर विश्वास ठेवला, आणि त्या माणसानं रेघ मारून 'लावलं' म्हणून सांगितलं. अठरा वर्षं ते त्या रेघेवर पैसे भरत होते. आणि आता ती रेघ ओढणारेच आम्हाला म्हणतात, माणुसकी म्हणून देतो, वाका.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि वस्तीतून फिरले. घरटी एक तरी पिग्मी आहे आमच्याकडं. ज्यांची खाती होती त्यांना घेऊन मी पतसंस्थेत गेले. काउंटरवर रांग लावली. म्हणाले, रजिस्टर काढा, आमच्यासमोर वारस लिहा, आणि लिहिलेलं वाचून दाखवा. क्लार्क म्हणाला, आज साहेब नाहीत. आम्ही म्हणालो, थांबतो. थांबलो. साहेब आले, माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझं तर मिटवत हुतो मी. आता बस कोर्टात." पण रांग हलेना, तेव्हा त्यांनी क्लार्कला लिहायला सांगितलं. दुपारपर्यंत सगळी नावं लिहून झाली. एका म्हातारीनं आपल्या सुनेचं नाव लावलं, मुलगा दारू पितो म्हणून. क्लार्कनं तेही लिहिलं.

आबांच्या ओळीतली रेघ मात्र आता खोडता येत नाही. मेलेल्या माणसाचा रकाना कुणी भरू शकत नाही. त्यासाठी कोर्टच.

मी दावा लावला आहे. वकिलाला ठेवीतला चांगलाच हिस्सा जाणार. पहिल्या तारखेला आई बरोबर होती. कारकुनानं विचारलं, मयताची तू कोण? ती म्हणाली, "बायको. अन् ही त्येंची पोरगी. त्येंनी हिचं नाव सांगितलं हुतं, ह्यांनी लिवलं न्हाई." कारकून म्हणाला, एवढं सगळं नको, नुसतं नातं सांग. ती म्हणाली, "नातंच सांगते."

चेअरमनचा परवा परत निरोप आला. फोटो नको, कार्यक्रम नको, केबिनमध्ये गुपचूप चेक घेऊन जा, पावतीवर तेवढी सही करा. गावातले चार लोकही सांगून गेले की हातात पडतंय ते घ्यावं, कोर्टातून मिळेल त्यापेक्षा जास्त खर्च होईल. हिशोबानं त्यांचं खरं आहे. मीही आकडेमोड करून बघितली आहे.

मी निरोप उलटा पाठवला. म्हटलं, सगळं वकिलात गेलं तरी चालेल. शेवटी एक रुपया उरला तर एक रुपया घेईन. पण तो मला माझ्या बापानं दिलेला असेल आणि कोर्टाच्या कागदावर तसं लिहिलेलं असेल. तुमच्या हातून मी त्यांचा पैसाही घेणार नाही.